नोकरीआड लपू नकोस

"सर, नोकरी असते ना." हे वाक्य आज शेवटचं. पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. या वर्गात नोकरी कोणाला नाही? रात्र महाविद्यालय आहे हे. संध्याकाळी साडेसहाला इथे जो येतो, तो दिवसभर कुठेतरी राबूनच येतो. पहिल्या बाकावरचा मेडिकलच्या दुकानात असतो. त्याच्या मागचा कुरिअरची पाकिटं वाटून येतो. खिडकीशी बसते ती मुलगी मॉलमध्ये दिवसभर उभी असते, तिला टेकायला मिळतं ते इथेच. जी गोष्ट सगळ्यांना आहे, ती तुझी एकट्याची अडचण कशी झाली?

उभा राहा. मान वर कर. जीएसटीच्या पेपरात तुला ३१ गुण आहेत. पास व्हायला ४० लागतात. नापास होणारा तू पहिला नाहीस आणि नापास होणं हा गुन्हाही नाही. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. तू दिवसभर करतोस काय? मशीद बंदरच्या पेढीवर बसून टॅलीत बिलं चढवतोस. सुरतच्या गिऱ्हाइकाला माल गेला की आयजीएसटी, भिवंडीला गेला की सीजीएसटी आणि एसजीएसटी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. आणि पेपरात पुरवठ्याच्या ठिकाणावर प्रश्न आला, तर तू पान कोरं ठेवून आलास. परवा मी विचारलं, सुरतच्या बिलाला वेगळा कर का? काय उत्तर दिलंस? "सॉफ्टवेअर आपोआप लावतं, सर." अरे, परीक्षेला सॉफ्टवेअर बसणार आहे की तू?

तुझ्या शेठनी गाडी घेतली. त्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुमच्या सीएनी घेतलं नाही. का? तुला पत्ता नाही. कलम १७(५) मध्ये लिहिलंय. चालक धरून १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर क्रेडिट मिळत नाही, गाड्या विकणं किंवा प्रवासी नेणं असे काही धंदे सोडले तर. ते बिल तुझ्याच हाताखालून गेलं. माल देणाऱ्याचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. तुमच्याकडची देण्यांची यादी दर महिन्याला तूच काढतोस ना? ती कशासाठी काढतात, असं एकदा तरी कोणाला विचारलंस? पुस्तकातलं उदाहरण ज्याच्या टेबलावर रोज येऊन पडतं, त्याने या पेपरात सत्तरच्या खाली येता कामा नये. दिवसा कॉलेजात जाणाऱ्या पोरांना खरं बिल बघायला मिळत नाही. तुला ते बघायचा पगार मिळतो. तरी तुझं डोकं घरी आणि बोटं तेवढी पेढीवर.

म्हणून वेळ नाही, हे कारण मला पटत नाही. तू नोकरीत असतानाही अभ्यासच करू शकला असतास. केला नाहीस.

आता तुझी खरी खोड सांगतो. इथे तू सांगतोस, नोकरी आहे. तिथे काय सांगतोस? शेठचा मला फोन आला होता. भला माणूस आहे. म्हणाले, पोरगा शिकतोय, म्हणून आम्ही सांभाळून घेतो. नोंदी चुकतात, एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर पडतं, पण त्याची परीक्षा असते ना. मी फोन ठेवला आणि बराच वेळ गप्प बसलो. तिकडे अभ्यासाची सबब आणि इकडे नोकरीची. त्यांना वाटतं शिकतोय म्हणून कामात कच्चा. आम्हाला वाटतं कामाला जातो म्हणून अभ्यासात कच्चा. दोन्हीकडे दया गोळा करतोस आणि दोन्हीकडे कामचुकारपणा करतोस. तारेवरची कसरत म्हणतोस याला? कसरत करणारा घाम गाळतो. तू एका दाराने आत येतोस आणि दुसऱ्या दाराने निसटतोस. याला चालढकल म्हणतात.

"अचानक काम आलं, सर." हे दुसरं. कुठलं काम अचानक आलं? टीडीएस भरायची तारीख ७. जीएसटीआर-१ ची ११. ३बी ची २०. दर महिन्याला, वर्षभर, मार्चचा टीडीएस तेवढा सोडून. कधीतरी सरकार एखादी मुदत पुढे ढकलतं, पण अलीकडे आणत नाही. ३१ जुलैच्या आसपास आयकर विवरणपत्रांची घाई. सप्टेंबरात ऑडिटची. मार्चअखेर तर पेढीवरच्या चहावाल्यालाही माहीत असते. आणि आपल्या सत्र परीक्षा? एक दिवाळीच्या मागेपुढे, दुसरी मार्च-एप्रिलात. प्रथम वर्षाला आलास तेव्हाही हेच होतं. म्हणजे मार्चअखेर आणि परीक्षा एकमेकांवर आदळणार, हे तुला तीन वर्षं आधी कळलेलं होतं. मग फेब्रुवारीत पुस्तक का उघडलं नाहीस? महिन्याच्या २१ तारखेपासून पुढच्या ६ तारखेपर्यंत पेढीवर श्वास घ्यायला उसंत असते. त्या पंधरवड्यात तू काय करतोस? शेठची पेढी तारखांवर चालते. त्या तारखा तू पाठ केल्यास, कारण चुकल्या तर दंड पडतो आणि बोलणी बसतात. अभ्यासाच्या तारखा चुकल्या तर लगेच कोणी ओरडत नाही. म्हणून त्या चुकतात. एवढंच आहे हे सगळं.

बरं, तुझ्या तासांचा हिशेब मांडू. मी मांडतो, तू खोडून दाखव. आठवड्याचे तास १६८. नोकरीचे सहा दिवस नऊ-नऊ तास, म्हणजे ५४. बदलापूरहून मशीद, मशीदहून इथे, इथून पुन्हा बदलापूर, रोजचे तीन तास धर, १८ झाले. झोप सात तास, ४९. ती मी कापणार नाही. रात्र रात्र जागून अभ्यास करणारी पोरं मी पाहिली आहेत, दुसऱ्या दिवशी ती ना कामाच्या कामाची, ना वर्गाच्या. कॉलेज आठवड्याला १५ तास. तेही तू पूर्ण बसलास तर, आणि हजेरीपटावर मला तसं दिसत नाही. आंघोळ, जेवण, बाजार, दळण, यांना रोजचे दोन तास, १४. बेरीज कर. दीडशे. उरले किती? १८. त्यातले निम्मे मी सोडून दिले. आजारपण, पाहुणे, मेगाब्लॉक, मित्र, सगळं त्यात घाल. तरी नऊ तास उरतात. दर आठवड्याला नऊ. ते जातात कुठे? मी सांगू की तू सांगतोस?

तुझ्या फोनमध्ये सेटिंगला जा. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते लिहिलेलं असतं. काढ आत्ता. मला दाखवू नकोस. तू बघ.

गर्दीचं म्हणशील, तर ऐक. सकाळच्या लोकलमध्ये पुस्तक उघड, असं मी सांगणार नाही. बदलापूरहून सकाळी निघणाऱ्या गाडीत माणसाला हात हलवता येत नाही, तिथे पान कसलं उलटणार? ज्याने तो प्रवास केला नाही, त्यानेच असले सल्ले द्यावेत. पण रात्री परतताना? ठाणं गेलं की जागा होते. कल्याणला डबा मोकळा होतो. तिथून पुढे तू खिडकीशी बसून काय करतोस? रील बघतोस. उतरेपर्यंत बघतोस. त्याच डब्यात तुझ्याच वयाचा एखादा पोलीस भरतीचं पुस्तक घेऊन बसलेला असतो. त्याला थकवा येत नाही का? त्याची आई वेगळ्या पिठाची भाकरी करते का?

थकवा खरा आहे. हे मी मान्य करतो, कारण तुझे डोळे मला दिसतात. नऊ वाजता तुझी मान डुलते तेव्हा मी तुला उठवत नाही, हेही तुला माहीत आहे. पण थकलेला माणूस थकव्याप्रमाणे अभ्यास आखतो. अवघड गणित ताज्या डोक्याने पहाटे करतो, पाठांतर आणि उजळणी रात्रीसाठी ठेवतो. तू आखलंयस काय? काहीच नाही. रविवारी अख्खा दिवस बसेन, म्हणतोस. आजवर कुठला रविवार बसलास? सकाळी दहापर्यंत झोप, दुपारी जेवण, संध्याकाळी क्रिकेट, रात्री मन खाणारी अपराधी भावना. सोमवारी पुन्हा तेच. तहान लागल्यावर विहीर खणायची तुझी सवय जुनी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर लिहितोस, "कोणाकडे नोट्स आहेत का?" कोणीतरी पाठवतं. तू डाउनलोड करतोस, आणि डाउनलोड झालं की वाचून झाल्यासारखं तुला बरं वाटतं. फोन भरला. डोक्यात काय गेलं?

आता सुट्टी. "शेठ रजा देत नाहीत." मागितलीस? खरं सांग. परीक्षेचं वेळापत्रक छापून त्यांच्या टेबलावर ठेवलंस कधी? त्यांना तर पेपर कुठल्या तारखेला आहे हेही माहीत नव्हतं, फोनवर मीच सांगितलं. वीस किंवा जास्त माणसं जिथे काम करतात, तिथे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात, पगारी. त्या तीन-तीन महिन्यांनी खात्यावर जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. तुमच्याकडे माणसं विसाच्या वर आहेत. तुझ्या आठ रजा कुठे गेल्या? गणपतीला गावी गेलास, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. गणपतीला गावी जावंच. पण मित्राच्या हळदीला एक, लग्नाला एक, त्याच मित्राबरोबर लोणावळ्याला एक? आणि पेपरच्या दिवशी अर्धा दिवस काम करून धापा टाकत हॉलवर आलास. वर मला सांगतोस, शेठ कठोर आहेत. शेठ कठोर नाहीत. तू त्यांच्याशी बोलायला घाबरतोस, कारण एकदा रजा घेतली की नापास व्हायला कारण उरत नाही.

खिडकीशी बसणाऱ्या त्या मुलीकडे बघ. ती नापास झाली असती तर मी तिला वेगळ्या शब्दांत बोललो असतो. ती पहाटे उठून चौघांचा डबा करते. रात्री गेल्यावर भांडी तिची वाट बघत असतात. नोकरी, कॉलेज आणि घर अशा तीन पाळ्या ती करते, आणि तरी तिची वही पूर्ण असते. तुझ्या पाळ्या दोनच. तू घरी पोचतोस तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असतं. कोण ठेवतं? तुझी बहीण बारावीला आहे ना? जेवल्यावर ते ताट कोण उचलतं? तुला वेळ मिळावा म्हणून कोणीतरी आपला वेळ देतंय. तो वेळ तू खिडकीशी बसून अंगठ्याने वर सरकवतोस. बहिणीच्या अभ्यासाच्या तासातून काढलेला तास आहे तो. याची तरी लाज वाटू दे.

आणि परिस्थितीचं नाव घेऊ नकोस. परिस्थिती मला माहीत आहे. वडिलांचं काम सुटलं, भाडं द्यायचं असतं, आजीचं औषध असतं. त्यासाठी तू राबतोस, याचा मला अभिमान आहे, आणि हे मी वर्गासमोर सांगतो. पण नवा फोन परिस्थितीने घेतला का? २४ महिन्यांचा हप्ता बांधून घेतलास. हप्ता फिटावा म्हणून अधूनमधून एखाद्या रविवारी दुसरीकडे स्टॉक मोजायला जातोस, आणि मला सांगतोस, घरासाठी जास्तीचं काम करतो. घरासाठी? आईला विचारू मी? स्वतःच्या हौसेला घराचं नाव देऊ नकोस. घराचं नाव पवित्र असतं, म्हणून तर त्यामागे लपायला बरं वाटतं.

"मला सीए करायचंय, सर." प्रथम वर्षाला पहिल्याच दिवशी म्हणाला होतास. मला आवडलं होतं. तुझ्यात ते आहे, म्हणूनच हा सगळा जीव आटवतोय. आकडा बघितला की त्यातली चूक तुला दिसते, हे सगळ्यांना जमत नाही. पण माहिती काढलीस का? वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येतं. नसतील तर बारावी झालेल्या पोरांबरोबर फाउंडेशनपासून सुरुवात. पुढे इंटरला प्रत्येक पेपरात ४० आणि गटाच्या बेरजेत ५० टक्के. एका पेपरात काठावर सुटून भागत नाही. तुझी आजची बेरीज किती आहे? एटीकेटीच्या जोरावर ५५ टक्के होत नसतात. स्वप्न सीएचं आणि धाव काठावर पास होण्यापुरती, हे किती दिवस चालणार? कोणाला फसवतोयस? मला तर नाही. मी तुझे पेपर तपासतो.

१४ एप्रिलला तू अठरा तास अभ्यास अभियानात बसलास. फोटो टाकलास, मी पाहिला. चांगलं केलंस. पण ज्यांच्या जयंतीला बसलास, त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकून कामावर जाता यावं म्हणून. जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली ती दिवसभर शेतात आणि कामावर राबणाऱ्यांसाठी. कर्मवीरांनी १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज काढलं ते कमवा आणि शिका या पायावर. गेली दीडशेहून अधिक वर्षं या महाराष्ट्रात तुझ्यासारख्यांसाठी माणसांनी शाळेचं घड्याळ बदललं आहे. दिवसा जमत नाही? रात्री भरवू. रात्री जमत नाही? पहाटे भरवू. गिरणगावातल्या रात्रशाळांत पाळी सुटल्यावर अंगावरचा कापूस झाडत बसलेली माणसं होती. तुझ्यासाठी सगळ्यांनी आपला वेळ सोयीचा करून दिला. आणि तू म्हणतोस, वेळ नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणवलं असतं का तुला?

आता ऐक आणि ठरव. खरंच झेपत नसेल, तर तसं सांग. त्यात कमीपणा नाही. या सत्राला राहिलेल्या विषयांपैकी दोनच घे, बाकीचे पुढच्या वेळी दे. मुक्त विद्यापीठात नाव घालायचं असेल तर मी स्वतः तुझा अर्ज भरून देईन. नाशिकचं आपलं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं तेच मुळी रोज वर्गात येणं जमत नाही अशांसाठी. पण तिथे सोपं असतं, असा गैरसमज घेऊन जाऊ नकोस. मुक्त विद्यापीठांत एका श्रेयांकाला साधारण ३० तास अभ्यास धरतात, इग्नूने तर हे लिहूनच ठेवलंय. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. तिथे मान डुलली तर बघायलाही कोणी नसतं. वर्षभर थांबायचं असेल तरी थांब, पण आईला सांगून थांब, तारीख लिहून थांब. मला ते चालेल. प्रवेश घ्यायचा, फी भरायची, हजेरीपुरतं तोंड दाखवायचं आणि निकालाच्या दिवशी नोकरीकडे बोट दाखवायचं, हे चालणार नाही. घरात सांगायला कॉलेज, कॉलेजात सांगायला नोकरी, आणि स्वतःला सांगायला उद्या. हा उद्या तू गेली दोन वर्षं खर्च करतोयस.

थांबणार नसशील, तर एवढं कर. उद्या सकाळी पेढीवर गेल्यागेल्या परीक्षेचं वेळापत्रक शेठसमोर ठेव, आणि उरलेल्या रजा कुठल्या दिवशी हव्यात ते लिहून दे. रविवारचं दुसरं काम बंद. हप्ता जड जात असेल तर फोन विकून टाक, साध्या फोननेही लोक सीए झालेत. बहिणीचं ताट आठवड्यातले चार दिवस तू उचल, भांडी तू घास, तिची बारावी आहे. २१ तारखेपासूनचा पंधरवडा माझा. त्या दिवसांत पहाटे साडेपाच ते सात पुस्तक, मग आंघोळ, मग गाडी. बाकीच्या दिवसांत अर्धा तास मिळाला तरी चालेल, पण रोज.

शनिवारी तुझी पेढी पाचला सुटते. सहाला मी इथेच असतो, स्टाफरूममध्ये. कलम १६ आणि १७ घरून वाचून ये. कळलं नाही तरी वाचून ये, न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मार. आणि शेठना विचारून गेल्या महिन्याची दहा बिलं आण, पाच राज्यातली, पाच बाहेरची. नावं झाकून आण. त्या बिलांवरूनच सुरुवात करू.